चेहऱ्यावरची हिरवट झाक काढायला गेले की सगळा चेहरा गुलाबी होतो, उपाय काय?

प्रश्न

नमस्कार. व्यक्तिचित्रांच्या संपादनात मला वारंवार येणाऱ्या एका अडचणीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

एका ज्येष्ठ व्यक्तीचे काही फोटो मी नुकतेच काढले. बैठक मोठ्या खिडकीशेजारी होती आणि मुख्य प्रकाश खिडकीतून, चेहऱ्याच्या डाव्या अंगाने येत होता. खिडकीबाहेर लगेचच हिरवळ आणि दाट झाडी आहे. उजव्या बाजूला वर, छतावर एक एलईडी दिवा सुरू होता. सर्व फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलच्या) स्वरूपात आहेत. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची भरपाई करणारी सोय) ऑटोवर होता आणि त्याने ४९०० केल्विन (निळे-पिवळेपणाचे माप) व टिंट (हिरवे-मॅजेंटापणाचे माप) +६ अशी निवड केलेली दिसते.

कपाळ आणि डावा गाल चांगले दिसतात, पण हनुवटीखाली आणि गळ्यावर स्पष्ट हिरवट झाक आहे, तर उजवा गाल पिवळट दिसतो. टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडे (हिरव्याच्या विरुद्ध, जांभळट गुलाबी रंगाकडे) नेत +३२ पर्यंत आणला तेव्हा हनुवटीखालचा भाग सुधारला, मात्र कपाळ आणि नाक गुलाबी पडले. अंगातल्या पांढऱ्या शर्टावर आयड्रॉपर (टेकवलेल्या जागेला तटस्थ मानून रंग जुळवणारे साधन) टेकवून पाहिला, तर सगळाच चेहरा पिवळा झाला. ऑटो बटण दाबले की प्रत्येक फोटोला वेगळेच उत्तर येते.

मोजमापे देते, म्हणजे बोलणे नेमके होईल. मूळ फोटोत कपाळाचे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे साधारण १९८, १५०, १२२ असे आहेत, उजव्या गालाचे १६०, १३०, ८८ आणि हनुवटीखाली १२०, १०८, ८०. टिंट +३२ केल्यावर कपाळ २०४, १४३, १२८ असे होते. स्लायडरची अशी एखादी जागा आहे का, जिथे तिन्ही भाग एकाच वेळी बरोबर दिसतील? की माझी कामाची पद्धतच बदलायला हवी?

प्रतिसाद १

आपण आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण आता अंदाजाने बोलायची गरज नाही. अशी जागा स्लायडरवर नाही, आणि ती का नाही हे एकदा लक्षात आले की पुढचा रस्ता आपोआप मोकळा होतो.

व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलना प्रत्येकी एका ठरावीक संख्येने गुणणे. ही गुणकांची जोडणी पूर्ण फोटोसाठी एकच असते. तिला कपाळ आणि गळा यांतला फरक कळत नाही. आपल्या फोटोत चेहऱ्यावर तीन वेगवेगळे प्रकाश पडले आहेत: खिडकीतून येणारा आकाशाचा प्रकाश, हिरवळीवरून उसळून खालून वर येणारा प्रकाश आणि छतावरच्या एलईडीचा प्रकाश. तिघांचे रंग वेगळे असल्यामुळे एकाला योग्य ठरणारे गुणक उरलेल्या दोघांना चुकीचेच ठरणार. आपण हनुवटी सुधारण्यासाठी जेवढा मॅजेंटा घातलात तेवढाच तो कपाळावरही पडला, आणि कपाळाला त्याची मुळीच गरज नव्हती.

हिरवट झाक नेमकी हनुवटीखालीच का, हेही पाहू. पानांतले हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे हिरवळीवरून परतणाऱ्या प्रकाशात हिरव्याचा वाटा जास्त असतो. हा प्रकाश कपाळावरही थोडाफार पोहोचतोच, पण तिथे खिडकीचा थेट प्रकाश इतका जोरकस असतो की तो दिसेनासा होतो. हनुवटीच्या खाली मुख्य प्रकाश पोहोचत नाही, म्हणून तिथे परावर्तित प्रकाशाचेच राज्य चालते. रंगीत भिंत, गडद सतरंजी, भडक रंगाचा कपडा या सगळ्यांची झाक याच कारणाने नेहमी सावलीच्या भागात सापडते. यावरून एक उपयोगी पडताळा मिळतो. झाक उजळ भागात आणि सावलीत सारखीच असेल, तर दोष बहुधा मुख्य प्रकाशाच्या किंवा व्हाइट बॅलन्सच्या बाजूचा असतो आणि तो पूर्ण फोटोवर एकदाच दुरुस्त करावा. झाक फक्त सावलीत किंवा चेहऱ्याच्या एकाच अंगाला असेल, तर पूर्ण फोटोच्या स्लायडरला हात लावू नये.

आता आपले आकडे. आरजीबीपेक्षा एचएसबी (ह्यू म्हणजे रंगाची छटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचे बळ आणि ब्राइटनेस म्हणजे उजळपणा) वाचायची सवय लावून घ्या. फोटोशॉपच्या इन्फो पॅनलमध्ये ती सोय आहे. त्यातला ह्यू हा रंगचक्रावरच्या अंशांत मिळतो आणि त्वचेसाठी तो फार बोलका असतो. आपल्या कपाळाचा ह्यू २२ अंशांच्या आसपास येतो, उजव्या गालाचा ३५ आणि हनुवटीखालचा ४२. टिंट वाढवल्यावर कपाळ १२ अंशांवर घसरले, म्हणजेच तांबूस-गुलाबीकडे गेले. साध्या प्रकाशातली त्वचा बहुतेक वेळा १५ ते ३० अंशांच्या दरम्यान बसते. त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, उजळपणा आणि सॅच्युरेशन बदलते, पण ह्यू फार दूर भटकत नाही, कारण रंग ठरवणारे मुख्य घटक सर्वांमध्ये तेच आहेत. मेलॅनिन निळ्याकडचा प्रकाश अधिक शोषते आणि रक्तातले हिमोग्लोबिन साधारण ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला हिरवा-पिवळा प्रकाश शोषते. म्हणून लाल सर्वांत जास्त, त्याखाली हिरवा आणि सर्वांत कमी निळा हा क्रम कायम राहतो. व्हिडिओचे रंग जुळवणारे लोक व्हेक्टरस्कोपवर (रंगांची दिशा आणि बळ दाखवणाऱ्या आलेखावर) त्वचेसाठी एकच रेषा वापरतात, त्यामागचे कारणही हेच.

यावरून दिसते की आपले कपाळ मुळातच ठीक आहे. याचा अर्थ पूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स जवळपास बरोबर आहे. टिंट पुन्हा +६ वर आणा आणि तिथेच राहू द्या. पुढचे सगळे काम मास्कने, म्हणजे बदल निवडलेल्या भागापुरताच ठेवणाऱ्या सोयीने करायचे.

लाइटरूम या संपादन-प्रणालीत हनुवटीखालच्या भागावर मोठ्या, मऊ कडेच्या ब्रशने मास्क रंगवा आणि तो कलर रेंजशी (ठरावीक रंगाच्या निवडीशी) इंटरसेक्ट करा, म्हणजे दोन्हींत सामाईक असलेली हिरवट त्वचा तेवढीच निवडली जाईल आणि शर्टाची कॉलर बाहेर राहील. त्या मास्कमध्ये टिंट मॅजेंटाकडे हळूहळू न्या आणि तिथला ह्यू पंचविशीच्या आत आला की थांबा. उजव्या गालासाठी वेगळा मास्क करा. तिथे मुख्यतः तापमान किंचित निळ्याकडे न्यावे लागेल आणि टिंटला अगदी थोडा धक्का पुरेल. दोन्ही भागांना एकच मास्क लावण्याचा मोह टाळा, कारण एकाचा दोष हिरवळीतून आला आहे आणि दुसऱ्याचा दिव्यातून. डार्कटेबल ही संपादन-प्रणाली वापरत असाल, तर कलर कॅलिब्रेशन हे मॉड्यूल मास्क लावून एकापेक्षा जास्त वेळा लावता येते आणि मिश्र प्रकाशासाठी ती सोय उत्तम आहे.

प्रतिसाद २

वरचे विवेचन मान्य आहे. पांढऱ्या शर्टाचा मुद्दा मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण पांढरे दिसले की आयड्रॉपर टेकवायचा ही सवय फार जणांना असते.

पांढऱ्या कापडात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणा वाढवणारी द्रव्ये असतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे खिडकीच्या उजेडात असे कापड प्रत्यक्षात निळसर असते. आपला डोळा त्याला स्वच्छ पांढरे म्हणतो, पण आयड्रॉपर त्याला निळी झाक समजतो आणि ती काढण्यासाठी पूर्ण फोटोत पिवळा ओततो. आपला फोटो पिवळा झाला तो यामुळे. छपाईच्या शुभ्र कागदाचेही असेच होते. दात मुळात पिवळसर असतात आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लालसर शिरा असतात, म्हणून तेही मोजमापासाठी धरू नयेत. डोळ्यांचा पांढरा भाग हिरवट तर दिसत नाही ना, एवढी नजर टाकण्यापुरता तो उपयोगी आहे.

मग फोटोत राखाडी कार्ड (मोजमापासाठीचा तटस्थ रंगाचा पुठ्ठा) नसेल तर आधार कशाचा घ्यायचा? माझा भर चकाकीवर असतो. नाकाच्या शेंड्यावर किंवा काळ्या केसांवर जी बारीक चमक दिसते, ती त्वचेच्या किंवा केसाच्या पृष्ठभागावरून थेट परतलेला प्रकाश असतो. आतल्या रंगद्रव्याचा तिच्यावर फारसा परिणाम झालेला नसतो. म्हणजे ती चमक दिव्याचा स्वतःचा रंग दाखवते. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून पाहा: खिडकीच्या बाजूच्या केसांवरची चमक जवळपास राखाडी आणि छताकडच्या केसांवरची चमक हिरवट-पिवळी दिसली, तर दोन वेगळ्या प्रकाशांचे निदान पक्के झाले. अट एवढीच की ती चमक पूर्ण जळालेली नसावी. तिन्ही चॅनेल २५५ ला टेकले असतील, तर तिथे वाचण्यासारखे काही उरत नाही.

एलईडीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात असू द्या. केल्विनचे माप निळ्यापासून पिवळ्यापर्यंतच्या एकाच अक्षाबद्दल बोलते. हिरवा आणि मॅजेंटा हा त्याला आडवा असणारा दुसरा अक्ष आहे. तापलेल्या तारेचा दिवा या दुसऱ्या अक्षावर फारसा सरकत नाही, पण ट्यूब आणि स्वस्त एलईडी सरकतात, आणि बहुधा हिरव्याकडे. शिवाय अशा दिव्यांच्या प्रकाशात गडद लाल भाग अपुरा असतो. दिव्याच्या खोक्यावर लिहिलेला सीआरआयचा (दिवा रंग किती खरे दाखवतो याचा) आकडा आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लालसाठी आर९ हा वेगळा आकडा पाहावा लागतो. तो कमी असेल तर त्वचा निस्तेज दिसते, आणि ही उणीव टिंटच्या स्लायडरने भरून निघत नाही, कारण जो लाल प्रकाश त्वचेवर पडलाच नाही तो गुणाकाराने कुठून येणार? अशा ठिकाणी मास्कमध्ये केशरी-लाल भागाचे सॅच्युरेशन थोडे वाढवण्याला पर्याय नाही.

प्रतिसाद ३

हे वाचणाऱ्या, पण जेपेगवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून तयार केलेल्या फोटोवर) काम करणाऱ्या मंडळींसाठी थोडे लिहितो. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त एक नोंद असते आणि मूळ आकडे १२ किंवा १४ बिटांत शाबूत असतात. जेपेगमध्ये गुणक लागून झालेले असतात, त्यावर कॅमेऱ्याचा टोन कर्व्ह (उजेड-सावलीचे प्रमाण बदलणारा आलेख) चढलेला असतो आणि प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्याच उरतात. त्यामुळे उजळ भाग सुधारला तर सावल्या चुकतात आणि सावल्या सुधारल्या तर उजळ भाग चुकतो. तिथे तापमानाच्या स्लायडरपेक्षा प्रत्येक चॅनेलचा वेगळा कर्व्ह किंवा कलर बॅलन्समधले सावल्या, मध्यम छटा आणि उजळ भाग हे तीन वेगळे नियंत्रक जास्त कामाला येतात. हिरवा कर्व्ह मध्यावर किंचित खाली ओढला की मॅजेंटा वाढतो, निळा वर उचलला की पिवळा कमी होतो आणि लाल खाली ओढला की सायन वाढतो. जी झाक काढायची तिचा विरुद्ध रंग कोणता एवढे पाठ असले की पुरे.

आणि संगणकाच्या पडद्याकडे दुर्लक्ष करू नका. रात्री पडदा पिवळा करणारी सोय सुरू ठेवून केलेले रंगांचे काम सकाळी हमखास निळे दिसते. पडदा कॅलिब्रेट केलेला असावा, पांढऱ्या बिंदूसाठी डी६५ (दिवसाच्या उजेडाचे प्रमाण) आणि गॅमा (मधल्या छटांच्या उजळपणाचे माप) २.२ ही नेहमीची लक्ष्ये आहेत, आणि संपादनाच्या खिडकीची पार्श्वभूमी तटस्थ राखाडी असावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. केसांवरच्या चमकीचा पडताळा करून पाहिला. छताच्या बाजूची चमक खरोखरच हिरवट-पिवळी आहे आणि खिडकीच्या बाजूची जवळपास तटस्थ. टिंट मूळ जागी आणून दोन वेगळे मास्क केले. उजवा गाल पहिल्याच खेपेला चांगला जमला.

हनुवटीखाली मात्र दोन नव्या अडचणी आल्या. हिरवट झाक गेली, पण तो भाग राखेसारखा, निर्जीव दिसू लागला. शिवाय जबड्याच्या कडेने एक फिकी रेघ दिसते, जिथे मास्क संपतो. दुसरा उपाय म्हणून फोटोशॉपमध्ये नवा लेअर घेऊन, त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेअरशी मिसळण्याची पद्धत) कलर ठेवून, कपाळाचा रंग उचलून तोच हनुवटीखाली ब्रशने लावला. तेव्हा तो भाग भगवा झाला. रंग कपाळाचाच असताना असे का व्हावे, ते समजले नाही.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे उत्तर

दोन्ही अडचणींचे मूळ सॅच्युरेशनमध्ये आहे, ह्यूमध्ये नाही.

आधी राखाडीपणाचे पाहू. हनुवटीखालच्या मूळ आकड्यांत लाल १२० आणि हिरवा १०८ आहे. दोघांत फक्त १२ चे अंतर. हिरवळीच्या प्रकाशाने हिरवा चॅनेल वर उचलला होता, त्यामुळे त्वचेचा लालपणा आधीच झाकला गेला होता. आपण विरुद्ध रंग मिसळून हिरवा काढलात तेव्हा तटस्थपणा आला, पण त्वचेचा स्वतःचा रंग परत आला नाही. तिथले सॅच्युरेशन एचएसबीमध्ये वाचा. मूळ कपाळाचे साधारण ३८ टक्के आहे, हनुवटीखालचे ३३. चेहऱ्यावरच्या सावलीचे सॅच्युरेशन उजळ भागाइतके किंवा त्याहून किंचित जास्त असावे लागते, नाहीतर सावली मृत दिसते. म्हणून त्याच मास्कमध्ये टिंटबरोबर सॅच्युरेशनही थोडे वाढवा आणि ४० च्या आसपास येऊ द्या. लाइटरूमच्या मास्कमध्ये ह्यूचा स्वतंत्र स्लायडर आहे. माझ्या मते हनुवटीसारख्या ठिकाणी टिंटचे प्रमाण निम्मे ठेवून उरलेले काम ह्यूने करणे अधिक चांगले, कारण ह्यू फिरवताना रंग पुसला जात नाही, फक्त दिशा बदलतो.

आता भगव्या रंगाचे. कलर हा ब्लेंड मोड खालच्या लेअरचा उजळपणा तसाच ठेवतो आणि ब्रशचा ह्यू व रंगाचे बळ त्यावर चढवतो. कपाळात लाल आणि निळ्यात ७६ चे अंतर आहे. हे अंतर उजळ कपाळावर सौम्य दिसते, पण तेच अंतर काळोख्या हनुवटीवर जसेच्या तसे उतरले की तिथले आकडे साधारण १४५, ९७, ६९ असे होतात आणि सॅच्युरेशन ५० टक्क्यांच्या वर जाते. भगवेपणा तिथून आला. यावर दोन उपाय आहेत. लेअरची अपारदर्शकता ५० ते ५५ टक्क्यांवर आणा. तेवढ्याने आकडे १३४, १०२, ७४ च्या जवळ येतील, ह्यू २८ अंश होईल आणि सॅच्युरेशन ४५ टक्के, जे चालण्यासारखे आहे. मला दुसरा उपाय अधिक पटतो: रंग कपाळावरून उचलूच नका. त्याच चेहऱ्यावर, झाक न लागलेली सावली शोधा. डोळ्याच्या खाचेत वरच्या पापणीजवळ, नाकाच्या बाजूला किंवा कानासमोर अशी जागा बहुधा मिळते. उजेडाला उजेडातला रंग आणि सावलीला सावलीतला रंग, हा नियम पाळला की अपारदर्शकतेशी फार झगडावे लागत नाही. रंग उचलताना आयड्रॉपरचा नमुना एका पिक्सेलचा नसावा. ११ बाय ११ किंवा त्याहून मोठा सरासरी नमुना घ्या, नाहीतर एखादे छिद्र किंवा तीळ तुमचा रंग ठरवून टाकेल.

जबड्याच्या कडेची रेघ मात्र निवडीतून आली आहे. परावर्तित प्रकाश जबड्याच्या रेषेवर तटकन थांबत नाही. तो गालाच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत विरत जातो. आपण मास्क बहुधा जबड्याच्या रेषेलाच थांबवला आहे. म्हणून ब्रशचा प्रवाह दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवून, जबड्यावरून वर गालाकडे हलके फटकारे मारत मास्क पातळ करत न्या. खाली गळ्याकडे मात्र कॉलरपर्यंत पूर्ण जोर राहू द्या. मास्कचे आच्छादन दाखवणारी सोय अधूनमधून सुरू करून तो उतार खरोखर एकसारखा आहे का ते पाहा. इथे घाई करू नका. चेहऱ्याच्या संपादनात सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा असे मला वाटते, कारण चुकीचा रंग पाहणारा एकवेळ खपवून घेतो, पण त्वचेवर उमटलेली मास्कची कड त्याच्या नजरेतून सुटत नाही.

एक इशारा देऊन थांबतो. ह्यूचे आकडे हाती आल्यावर अख्खा चेहरा २२ अंशांवर आणून ठेवण्याची ओढ लागते. तसे अजिबात करू नये. कपाळ थोडे पिवळसर असते, कारण तिथे त्वचेखाली लगेच हाड असते. नाक, गाल आणि कान तांबूस असतात, कारण तिथे रक्तपुरवठा अधिक असतो. पुरुषांच्या हनुवटीवर दाढीच्या खुंटांमुळे निळसर-राखाडी छटा असते. ज्येष्ठ व्यक्तींच्या चेहऱ्यावर हे फरक अधिकच ठळक होतात आणि त्यांच्या व्यक्तिचित्राचे सौंदर्य बरेचसे त्यातच असते. मागून उजेड आल्यामुळे लाल दिसणारा कान ही झाक नव्हे, तो जिवंतपणा आहे. प्रकाशाने आणलेला परका रंग तेवढा काढायचा आणि माणसाचा स्वतःचा रंग राखायचा. शंका आली तर मास्क बंद-चालू करत बसण्याऐवजी काही मिनिटे पडद्यापासून दूर व्हा. एकाच झाकेकडे सतत पाहत राहिलो की डोळा तिच्याशी जुळवून घेतो आणि तिलाच तटस्थ मानू लागतो. परतल्यावरची पहिली नजर सर्वांत खरी असते.

प्रतिसाद ४

चर्चा संपादनाची आहे, तरी पुढच्या वेळी हे काम कमी कसे करता येईल, ते थोडक्यात लिहिते.

छतावरचा दिवा बंद करता आला असता तर तीनपैकी एक प्रकाश तिथेच गळाला असता. पार्श्वभूमीसाठी तो हवाच असेल, तर त्यावर रंगाचा जेल (पारदर्शक रंगीत पत्रा) लावून त्याचा रंग खिडकीच्या जवळ आणावा. हिरवा काढण्यासाठी मायनस ग्रीन आणि पिवळा कमी करण्यासाठी निळा सीटीबी जेल मिळतो. हिरवळीचा प्रकाश अडवण्यासाठी, चौकटीबाहेर, छातीच्या उंचीच्या खाली एक काळे कापड किंवा पुठ्ठा आडवा धरला तरी फरक पडतो. काळ्याने सावली फार गडद होत असेल, तर त्याजागी पांढरा पुठ्ठा धरा: तो हिरवळीला झाकतो आणि खिडकीचाच प्रकाश हनुवटीखाली परत पाठवतो. व्यक्तिचित्रासाठी मला पांढराच आवडतो.

बैठक सुरू करताना राखाडी कार्ड चेहऱ्याजवळ धरून एक फोटो काढा. एकदा कार्डाचा रोख खिडकीकडे आणि एकदा उलट बाजूला. दोन्हींतला फरक पाहिला की मिश्र प्रकाश किती आहे हे संपादनाला बसण्याआधीच कळते. चोवीस रंगांचे कार्ड असेल तर त्यावरून कॅमेऱ्याचे प्रोफाइलही (त्याच्या रंगांच्या दुरुस्तीची नोंद) तयार करता येते, पण मिश्र प्रकाशाचा प्रश्न तेही सोडवत नाही. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स एका ठरावीक आकड्यावर ठेवा. ऑटोने प्रत्येक फोटोला वेगळे उत्तर दिले, कारण तो चौकटीत जे दिसते त्यावरून अंदाज बांधतो. बसणाऱ्याने मान वळवली आणि खिडकीची हिरवळ चौकटीत जास्त आली, की त्याचा अंदाजही बदलतो.

आता हाताशी असलेल्या संचासाठी. आधी सर्व फोटोंना एकच व्हाइट बॅलन्स लावा, ४९०० आणि +६ हेच चालेल. मग एका फोटोवर केलेले मास्क बाकीच्यांवर उतरवा. व्यक्ती ओळखून त्वचा निवडणारे मास्क प्रत्येक फोटोसाठी नव्याने मोजले जातात, पण ब्रशने रंगवलेला भाग चौकटीत जिथे होता तिथेच राहतो. त्यामुळे डोके हललेल्या प्रत्येक फोटोत हनुवटीचा ब्रश हाताने सरकवावा लागेल. शेवटी सगळे फोटो पडद्यावर लहान आकारात शेजारी शेजारी मांडून पाहा. एकेकटा फोटो मोठा करून पाहताना जी किंचित हिरवट झाक निसटते, ती दहा लहान चेहऱ्यांच्या रांगेत लगेच उठून दिसते, आणि कोणत्या फोटोकडे परत जायचे ते ठरवता येते.